माळकरी माणसाचं लिव्हर कशाला तपासायचं?

पत्राचा सारांश

निपाणी तालुक्यातल्या एका गावातून एका बाईंचं पत्र आलं आहे. त्यांचे पती ५४ वर्षांचे, मधुमेह नऊ वर्षांपासून. गावात किराणा दुकान, शिवाय थोडा ऊस. घर माळकरी; पतींनी दारूला कधी हात लावलेला नाही. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठल्याचं, आलं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, ‘हे आजकाल सगळ्यांनाच असतं. एसजीपीटी (लिव्हरच्या रक्त तपासणीतला एक आकडा) नॉर्मल आहे, विसरून जा.’ कोल्हापूरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र फायब्रोस्कॅनची, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीची, चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पतींच्या खिशातच राहिली. लिव्हरची तपासणी म्हटली की मंडळी काय समजायचं ते समजतात, मग भजनात तोंड कसं दाखवू, असं त्यांचं म्हणणं. पुण्याचा मुलगा पाच हजारांचं फुल बॉडी पॅकेज बुक करतो म्हणतो. पुतण्याने गुळवेलीचा काढा आणून ठेवला आहे. बाई विचारतात, ‘शुगरचं रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येतो. त्याला सांगून ह्यांच्या नकळत लिव्हरचंही तपासून घेऊ का? हे जाड नाहीत, पीत नाहीत. खरंच गरज आहे, की हा डॉक्टर लोकांचा धंदा?’ शेवटी एका ओळीत लिहिलं आहे की त्यांना स्वतःलाही चार वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे, ‘पण माझं काही विशेष नाही’. सोबत पतींच्या रिपोर्टांचे फोटो आहेत.

उत्तर

ताई,

नकळत रक्त काढायची गरजच नाही. पहिल्या पायरीला जे आकडे लागतात ते तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच आहेत. मागच्या वेळी डॉक्टरांनी शुगरबरोबर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या होत्या, त्याचे हे कागद. तुम्ही दोघांनीही ते बघून ‘नॉर्मल’ म्हणून फाईलला लावले असणार, कारण लॅबने कुठल्याच आकड्यापुढे खूण केलेली नाही.

त्यातले तीन आकडे घ्या: लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ३८ आणि एसजीपीटी ३६, सीबीसीतल्या प्लेटलेट १ लाख ८० हजार. चौथा आकडा वय, ५४. आता मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढा. वयाला एसजीओटीने गुणा, २०५२ येतात. ते बाजूला लिहून ठेवा. एसजीपीटीचं वर्गमूळ ६. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे १८०. एकशे ऐंशी सक १०८०. आता २०५२ ला १०८० ने भागा. उत्तर येतं १.९.

ह्या हिशोबाला फिब-४ म्हणतात. लिव्हरमध्ये व्रण धरण्याची, म्हणजे फायब्रोसिसची शक्यता किती, याचा तो अंदाज आहे. १.३ च्या खाली आलं तर शक्यता कमी. शुगर चालू आहे तोवर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हिशोब करायचा. २.६७ च्या वर आलं तर थेट लिव्हरच्या किंवा पोटविकाराच्या तज्ज्ञाकडे जायचं. मधल्या पट्ट्यात आलं तर पुढची तपासणी करून खात्री करून घ्यायची, आणि ती तपासणी म्हणजे तुमच्या चिठ्ठीवरचा फायब्रोस्कॅन. तुमचे यजमान मधल्या पट्ट्यात आहेत. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती उगाच नाही. त्यांनी बहुधा हाच हिशोब मनात किंवा मोबाईलवर केला असेल. तुम्हाला समजावून सांगायला मात्र त्यांना वेळ झाला नाही. ओपीडीची गर्दी बघता मी त्यांना फार दोष देणार नाही, थोडा देईन.

१.९ म्हणजे व्रण आहेतच असं अजिबात नाही. मधल्या पट्ट्यातल्या पुष्कळ लोकांचं पुढच्या तपासणीत काही निघत नाही. हा हिशोब ढोबळ आहे. पस्तिशीच्या आतल्यांना तो नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीच्या पुढे वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून तिथे १.३ ऐवजी २ ची रेघ धरतात. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू येतो, त्यात प्लेटलेट खाली जातात. तापातल्या रिपोर्टवर हा हिशोब करायचा नाही. अंगमेहनतीनंतर स्नायूंमुळे एसजीओटी वाढतो, तेव्हा ऊसतोडीच्या दिवसात दिवसभर फडात राबून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं असेल तर तेही सांगायला हवं. तुमच्या यजमानांना त्या सुमारास ताप वगैरे आला होता का, आठवून बघा. आला असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून मग पुढे जा. आला नसेल तर थांबण्यात अर्थ नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, ‘एसजीपीटी नॉर्मल असताना गरज काय?’ हे गृहीतक फक्त तुमचं नाही, पुष्कळ दवाखान्यांतही तेच चालतं. एसजीपीटी हे पेशीच्या आतलं रसायन आहे. लिव्हरच्या पेशी फुटायला लागल्या की ते रक्तात वाढतं. व्रण हळूहळू, वर्षानुवर्षं धरत असतील तर पेशी एकदम फुटत नाहीत आणि हा आकडा खुशाल नॉर्मल राहतो. आजार पुढे गेल्यावर तो उलट उतरतोसुद्धा. प्लेटलेटचं कारण वेगळं. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, मागे दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि ती प्लेटलेट अडकवून ठेवते. त्यामुळे नऊ वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या प्लेटलेट वर्षागणिक उतरत असतील, तर आकडा ‘नॉर्मल’च्या रेघेआत असला तरी मी थांबून बघते. जुन्या फाईलमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीचा सीबीसी सापडला तर तो जरूर बरोबर न्या.

सोनोग्राफीच्या ग्रेडचंही तसंच. ग्रेड म्हणजे चरबी किती पांढरी दिसते याचा मशीनवर बसलेल्या डॉक्टरांचा अंदाज. थोडी चरबी, साधारण पाचवा-चौथा हिस्सा होईपर्यंत, सोनोग्राफीत दिसतही नाही. आणि ग्रेड १ म्हणजे आजाराची पहिली पायरी, ग्रेड ३ म्हणजे शेवटची, असं ते नसतं. ग्रेड १ वाल्याच्या लिव्हरमध्ये व्रण असू शकतात आणि ग्रेड ३ वाल्याचं लिव्हर मऊ असू शकतं. चरबी आहे का, हे विचारून मधुमेहात फारसं हाती लागत नाही, कारण टाईप २ मधुमेहाच्या निम्म्याहून जास्त लोकांना ती असतेच. तुमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले ते इथपर्यंत खरं आहे, सगळ्यांनाच असतं. पण त्यातल्या कुणाच्या लिव्हरमध्ये व्रण धरलेत, हे शोधायचं असतं. मधुमेह असलेल्या दहा जणांत साधारण एक-दोघांना दखल घेण्याइतके व्रण असतात, आणि त्यांना काहीही दुखत नाही. ते एक-दोघं कोण, हे चेहरा बघून सांगता येत नाही. पोटात दुखलं ते बहुधा ह्यामुळे नव्हतंच. त्याचं कारण सापडलं का, हे पत्रात नाही. तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

‘धंदा’ या शब्दावर मी रागावणार नाही. तपासण्यांचा बाजार मांडला गेलेला आपण सगळे बघतोच. म्हणून तर सरसकट सगळ्यांना फायब्रोस्कॅन लिहिणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. आधी फुकटातला हिशोब, त्यात अडलं तरच मशीन. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हाच क्रम सांगतात: टाईप २ मधुमेह असलेल्यांचा, लिव्हरचे आकडे नॉर्मल असले तरी, फिब-४ काढा आणि १.३ किंवा जास्त आला तर पुढे जा. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ च्या फेब्रुवारीत फॅटी लिव्हर हा विषय मधुमेह, ब्लडप्रेशर, कॅन्सर यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. कारण उघड आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत. सगळ्यांना मशीनखाली झोपवायचं म्हटलं तर मशीनही पुरणार नाहीत आणि खिसेही.

आता दारूचं. पीत नाही म्हणजे लिव्हर सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की न पिणारा माणूस तपासणीलाच लाजतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. टाईप २ मधुमेहात इन्सुलिन असूनही शरीर त्याचं ऐकत नाही. पोटावरच्या चरबीतून स्निग्ध आम्लं सुटून रक्तात येतात आणि लिव्हरमध्ये साठतात. शिवाय रक्तातली जास्तीची साखर लिव्हर स्वतःच चरबीत बदलतं. ह्यात दारूचा थेंब लागत नाही. आपण राहतो तो उसाचा मुलूख. गुऱ्हाळावर गेलं की रस, घरात काकवी, चहात साखर नको म्हणून गूळ. गूळ आणि साखर दोन्ही उसाचेच, दोघांतही निम्मं फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज बहुतेक सगळं लिव्हरच हाताळतं. गुळाला पुण्य लागतं, कॅलरी लागत नाहीत, असा आपला हिशोब असतो.

‘ते जाड नाहीत’ हेही मी बाजूला ठेवीन. वजन तुम्ही ६२ किलो लिहिलं आहे, उंची पाच फूट चार इंच. चार्टवर ते ठीकच दिसतं. पण शर्टाच्या आत काय आहे? आपल्याकडच्या माणसांचे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण फार. टेप घेऊन बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर, ह्याच्यावर गेलं की चरबी आत अवयवांभोवती आहे असं धरायचं. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची कंबर ९० च्या आत असेल तर मला आनंदच होईल.

आता यजमानांशी कसं बोलायचं. नकळत तपासणी करू नका, असं मी ठामपणे सांगते. कायद्याची आणि नीतीची बाब आहेच, त्याहून व्यवहाराची अडचण मोठी. समजा, लपून केलेल्या तपासणीत काही निघालं, तर ते त्यांना सांगणार कसं? आणि तुमच्यावरचा विश्वास एकदा हलला की शुगरच्या गोळ्या, पथ्य, सगळ्याच गोष्टींत ते हात आखडता घेतील. लॅबच्या मुलालाही ह्यात ओढू नका. गावात त्याची दहा घरं असतात.

त्यांची भीती मात्र खोटी नाही. एकाच गावात दुकान आणि भजन असलेल्या माणसाला लोकांच्या बोलण्याची किंमत मोजावी लागते. ‘लोकांचं काय मनावर घेता’ असं म्हणून ती भीती जाणार नाही, तेव्हा ते वाक्य वापरू नका. विषय लिव्हरपासून सुरू न करता शुगरपासून करा. शुगर आहे म्हणून वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा बघतात, पायाची संवेदना बघतात, लघवीतलं प्रोटीन बघतात. त्याच यादीत लिव्हर आहे. शुगरची वार्षिक तपासणी करून येतो, एवढंच गावात सांगितलं तर ते शंभर टक्के खरं आहे. कुणाला चिठ्ठी दाखवायची नाही. आणि तो १.९ चा हिशोब त्यांच्यासमोर, त्यांच्याच हाताने करवून घ्या. दुकानदार माणूस आहे. उपदेशावर त्यांचा विश्वास बसणार नाही, आकड्यांवर बसेल.

आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते तोच जास्त चालेल. त्यासाठी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे यावं लागेल. चार वर्षं शुगर, गोळी चालू, ‘माझं काही विशेष नाही’. ताई, यजमानांचे सगळे रिपोर्ट तुम्ही पाठवलेत, स्वतःचा एकही नाही. वय ४९ लिहिलंय, पाळी गेल्या वर्षी थांबली म्हणता. पाळी असेपर्यंत बाईच्या लिव्हरला जे थोडं संरक्षण असतं ते त्यानंतर कमी होत जातं. म्हणजे तपासणी कुणाची लागते याच्या यादीत तुमचंही नाव आहे. तुमचा शेवटचा सीबीसी कधी झाला? मला दाट शंका आहे की चार वर्षांत तुमची फक्त बोटातून शुगर बघितली गेली. ह्यांची नऊ वर्षांची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेली, आणि तुमच्या चिठ्ठ्या डब्याखाली, हे मी अनेक घरांत बघते.

तेव्हा पुढच्या खेपेला लॅबचा मुलगा येईल तेव्हा त्याच्याकडे उघडपणे तुमचंही रक्त द्या: उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), सीबीसी, एसजीओटी, एसजीपीटी, कोलेस्टेरॉल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या घेत असाल तर तिथे आधी विचारा, ह्यातलं बरंचसं तिथेही होऊ शकतं. मग तुमचाही फिब-४ काढा, यजमानांच्या समोर. तुमच्यावर दारूचा संशय घ्यायची कुणाची टाप नाही. बायको आपलं लिव्हर शुगरसाठी बघून घेते म्हटल्यावर त्यांच्या तपासणीवरचा डाग आपोआप पुसट होतो. तुमचा आकडाही १.३ च्या वर गेला तर दोघांनी एकाच दिवशी जा. पण यजमानांना तयार करायची युक्ती म्हणून तुमची तपासणी करू नका. त्यांनी नाही म्हटलं तरी तुमची व्हायलाच हवी.

फायब्रोस्कॅनचं थोडक्यात सांगते, म्हणजे भीती उरणार नाही. सुई नाही, भूल नाही, किरणं नाहीत. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे, आणि उजव्या बरगड्यांच्या मधोमध एक छोटं यंत्र टेकवून टिचकी मारल्यासारखे धक्के देतात. पाच-दहा मिनिटांचं काम. आधी किमान तीन तास पोट रिकामं हवं, कारण जेवल्यावर लिव्हरचा कडकपणा खोटा वाढलेला दिसतो. शुगरवाल्यांना इथे एक धोका आहे. गोळी घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर विशेष. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, गोळी कधी घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारा, आणि तपासणी झाल्यावर खायला डबा बरोबर ठेवा. निपाणीहून तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. मिरज, बेळगाव इथेही पोटविकाराचे तज्ज्ञ आहेत. जिथे जाल तिथे आधी फोन करून मशीन आहे का आणि कुठल्या वारी चालतं, हे विचारा. कर्नाटकातलं आरोग्य कार्ड पलीकडे महाराष्ट्रात चालेल असं धरून निघू नका, तेही फोनवर विचारून घ्या. औषध कंपन्या कधी कधी डॉक्टरांच्या दवाखान्यात ह्या मशीनचं मोफत शिबिर लावतात. तिथे तपासून घ्यायला हरकत नाही, फक्त तिथल्या तिथे कुणी महिनाभराची औषधं हातात ठेवली तर ती घेऊन थेट आपल्या डॉक्टरांकडे जा.

रिपोर्टवर दोन आकडे येतात. एक चरबीचा, दुसरा कडकपणाचा. तुम्ही कडकपणाचा बघा, तो किलोपास्कलमध्ये असतो. ८ च्या खाली आला तर मोठी गोष्ट टळली. पथ्य, व्यायाम, शुगर, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हिशोब. ८ किंवा वर आला तर तज्ज्ञाकडे जायचं. १२ च्या वर गेला तर ते लांबवायचं नाही. तज्ज्ञ तेव्हा दुसरी कारणंही बघतील. कावीळ बी आणि सी ह्यांची रक्त तपासणी तर एकदा दोघांनीही करून घ्या. जुन्या काळी एकाच सुईने दिलेली इंजेक्शनं, न्हाव्याचा वस्तरा, ह्यांतून तो विषाणू आलेला असू शकतो, आणि चरबीच्या जोडीला तो बसला तर नुकसान वाढतं. बी नसेल तर त्याची लस मिळते. नव्या रिपोर्टवर ‘एमएएसएलडी’ असं काही दिसलं तर घाबरू नका; २०२३ पासून ह्याच आजाराला जगभरचे डॉक्टर त्या नावाने ओळखतात.

एवढं करून औषध काय, असं तुम्ही विचाराल. सगळ्यात खात्रीचं औषध वजन आहे. पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही, आणि दहा टक्क्यांच्या पुढे व्रणसुद्धा काही प्रमाणात मागे जातात. तुमच्या यजमानांसारख्या सडपातळ बांध्याला थोड्यावरही फरक पडतो. ६२ किलोचे तीन किलो, सहा महिन्यांत, हे अशक्य नाही. औषधंही आता येत आहेत. सारोग्लिटाझार आपल्याकडे २०२० पासून ह्या आजारासाठी मान्य आहे, आणि वजन-शुगर दोन्ही उतरवणाऱ्या सेमाग्लुटाईडला अमेरिकेत २०२५ मध्ये व्रण धरलेल्या फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळाली. पण कुणाला कुठलं, हे फायब्रोस्कॅनच्या आकड्यानंतर ठरतं. मेटफॉर्मिन शुगरसाठी चालूच ठेवायची. ती लिव्हरला मारक नाही, फक्त व्रणांवरचं औषध नाही. कोलेस्टेरॉलची गोळी ‘लिव्हरला वाईट’ म्हणून कुणी बंद करायला सांगितली तर ऐकू नका. फॅटी लिव्हर असलेली माणसं सगळ्यात जास्त हृदयविकाराने जातात, लिव्हरने नव्हे, आणि ती गोळी त्यासाठीच असते.

पथ्याचं मोठं प्रवचन मी देणार नाही. नऊ वर्षांत तुम्ही ते पुष्कळ ऐकलं असेल. दोन-तीनच गोष्टी, ज्या माळकरी घरात कुणी बोलत नाही. एकादशी. महिन्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, केळी, वर राजगिऱ्याचा गुळातला लाडू, म्हणजे उपास नव्हे, साखरेचा हल्ला. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. साबुदाण्याऐवजी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक असा करता येतो, आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून. दुसरं, दुकानातला चहा. येणारा प्रत्येक जण ‘घ्या की’ म्हणतो आणि दिवसात सहा कप साखरेचे होतात. दोनवर आणा, बिनसाखरेचे. कोरी कॉफी आवडत असेल तर ती लिव्हरला चांगली, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. तिसरं, रात्रीचं जेवण. दुकान नऊला बंद करून साडेनऊला भात-आमटी आणि दहाला आडवं. मुलगा पुण्याला, तेव्हा तुम्हीच अर्धा तास गल्ल्यावर बसा, त्यांनी आठला जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी खाऊन घ्यावी आणि शेताच्या वाटेने एक चक्कर मारून यावी. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं होईल असं बघा. मालाची पोती गड्याकडून न उचलवता पेलतील तेवढी स्वतः उचलली, तर तोही व्यायामच, गुडघे आणि कंबर धड असेल तर.

काढा मात्र बंद. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, पण गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला गंभीर इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं, तो वाद आहेच. पण लिव्हरची परिस्थितीच माहीत नसताना, पुतण्याने कुठून आणला ते ठाऊक नसलेला, आत काय आहे ते न लिहिलेला काढा रोज पोटात घालण्यात शहाणपण नाही. पुतण्याला वाईट वाटेल. डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत सगळं बंद ठेवायला सांगितलंय म्हणा, माझ्या नावावर खपवा. मेडिकलमध्ये मिळणारी ‘लिव्हर टॉनिक’ची बाटलीही त्याच रांगेतली. तिने व्रण कमी होतात याचा पुरावा नाही, आणि काही सिरपांत चांगली साखर असते.

पोट अचानक फुगणं, पायांवर सूज, डोळे पिवळे, काळी डांबरासारखी शौचाला होणं, रक्ताची उलटी, बोलण्यात भ्रम, ह्यातलं काही दिसलं तर हिशोब-बिशोब करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

मुलाच्या पॅकेजचं राहिलं. त्याचा जीव तुमच्यात आहे म्हणून तो बुक करतोय, पण त्या साठ-सत्तर तपासण्यांतल्या ह्या कामाच्या चार-पाचच, आणि फायब्रोस्कॅन त्यात बहुधा नसतोच. वर दोन-चार आकडे थोडे इकडे-तिकडे निघतील आणि तुमचे पुढचे सहा महिने त्यांच्यामागे जातील. त्याला सांगा, पॅकेज नको, त्या पैशात आईचं रक्त तपासून होईल, बाबांचा फायब्रोस्कॅन होईल आणि कोल्हापूरला जायला गाडीचं भाडंही निघेल. सुट्टी काढून तो स्वतः बरोबर आला तर उत्तमच. मला वाटतं त्याचा बाप त्याच्याबरोबर जाईल, तुमच्याबरोबर कदाचित नाही जाणार. जाताना फाईलमध्ये सोनोग्राफीचा मूळ कागद, सापडले तर जुने सीबीसी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती खिशातली चिठ्ठी एवढं ठेवा. चिठ्ठी धुण्यात गेली असेल तर नवी मागायला लाजू नका, डॉक्टरांना ह्याची सवय असते.